परसातला वसंत आणि रविवारची सुटी

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावणे पाठविले तेव्हा त्यांच्या मनात वेतनश्रेणी, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत असाच एखादा विषय असावा. आमच्यासारख्या कामगार संघटनेत जन्म घालविलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावयाचे? पण वसंत ऋतूच्या नावाने भरणाऱ्या या सभेत वसंताविषयी कोणी बोलतच नाही, ही आमची जुनी तक्रार आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून गावोगावच्या अशा मालांमध्ये राजकारण, समाजकारण, साहित्य या सर्वांवर भरपूर बोलणे झाले. ज्याच्या नावाने मंडप घातला तो ऋतू मात्र बाहेरच उभा. म्हणून या खेपेस आम्ही ठरविले की बोलावयाचे ते परसात काय चालले आहे याविषयीच. त्यातून मजुरीचा प्रश्न निघालाच, तर तो आमचा दोष नव्हे. तो विषयातच आहे.

आमची योग्यता आधीच सांगून टाकतो. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि जिनिंगच्या फाटकावर. पक्षिशास्त्राची पदवी आम्हांजवळ नाही, दुर्बीण आहे तीही एका स्नेह्याने दिलेली, डाव्या डोळ्याने धूसर दिसणारी. पण गेली बारा-तेरा वर्षे आम्ही नेमाने परसात बसतो आहोत, आणि जे दिसले त्याचा पुस्तकांशी ताळा घालून पाहिला आहे. तेवढ्या बळावर हे बोलणे आहे.

वऱ्हाड-नागपूरकडचा वसंत कवींनी वर्णिलेल्या वसंतासारखा नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. मंद वारा, शीतल चांदणे वगैरे थोडे दिवस असते खरे. पण वर्धा जिल्ह्यात होळी पेटली की उन्हाचा हिसका सुरू होतो आणि वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. झाडांची पाने झडलेली, रस्त्यावर धूळ, विहिरी खोल गेलेल्या. अशा वेळी फुले येतात, हीच तर नवलाची गोष्ट! पळस घ्या. अंगावर पान नाही आणि झाड शेंदराने माखल्यासारखे. पळसाला पाने तीनच, हे आपण म्हणीत ऐकतो; पण फुलण्याच्या वेळी ती तीनही नसतात, हे पाहिलेले थोडे. याचे कारण असे की पाने नसली म्हणजे फूल दुरून दिसते, आणि पळसाला दुरून दिसणेच हवे असते. त्याच्या फुलाला वास जवळजवळ नाही. मधमाशीपेक्षा पाखरांवर त्याची भिस्त अधिक. साळुंक्या, कोतवाल, शिंजीर फुलातला रस प्यायला येतात, त्यांच्या कपाळाला पराग लागतो आणि तो दुसऱ्या झाडावर पोचतो. ज्याला रंग दिसतो पण वासाचे फारसे कळत नाही, अशा गिऱ्हाइकासाठी मांडलेले ते दुकान आहे. मोहाचे उलट. त्याचा कारभार रात्रीचा, गिऱ्हाईक वटवाघळे, म्हणून फूल फिकट आणि वास उग्र. पहाटे त्या रसाळ पाकळ्या टपटप खाली पडतात आणि बोरच्या जंगलाकडील बायाबापड्या टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली हजर असतात. त्यांना वसंत म्हणजे कामाचा मोसम. कडुलिंबाचे काय सांगावे! पाडव्याला त्याचा कोवळा पाला आपण तोंड वाकडे करून खातो, आणि त्याच आठवड्यात संध्याकाळी त्याच झाडाच्या मोहराचा असा मधुर वास सुटतो की हे झाड कडू आहे यावर विश्वास बसू नये.

आता पाखरांकडे वळू. आमच्या संघटनेच्या कचेरीमागे एक उंबर आहे. फेब्रुवारी संपत आला की तेथून दुपारभर एक आवाज येतो: टुक्, टुक्, टुक्, टुक्. कोणी तांब्याच्या पत्र्यावर लहान हातोडी मारीत बसावे तसा. नवे आलेले सभासद विचारतात, “मागे कासाराचं दुकान हाय का?” तो तांबट. चिमणीहून थोडा मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर आणि गळ्याखाली लाल, डोळ्याभोवती पिवळे. एवढे रंग असून तो दिसत नाही, कारण हिरव्या पानांत हिरवे अंग मिसळून जाते. आवाजाच्या रोखाने शोधावे तर तो कधी डावीकडून येतो, कधी उजवीकडून. पाखरू मात्र जागच्या जागीच असते. ते मान इकडून तिकडे फिरवीत ओरडते आणि आपण फसतो. आणखी एक मौज अशी, की ओरडताना त्याची चोच बंद असते. गळ्याची त्वचा फुगते, आवाज आतून घुमतो. दुर्बिणीतून हे प्रथम दिसले तेव्हा आम्ही शेजारच्या सभासदाचा दंड इतक्या जोराने धरला की त्याने चहा सांडला.

तांबटाला खावयास हवीत वड, पिंपळ, उंबर यांची फळे आणि घरासाठी हवी वाळलेली, किंचित कुजलेली फांदी. चोचीने कोरून तो तीत रुपयाच्या नाण्याहून थोडेसे मोठे, अगदी वाटोळे भोक पाडतो, आणि तेही बहुधा फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पावसाचे पाणी आत जाऊ नये. नगरातल्या माणसांची सवय अशी की वाळकी फांदी दिसली की ती तोडावी. अंगण नीटनेटके दिसले पाहिजे ना! रस्त्यावर, लोकांच्या डोक्यावर पडणारी फांदी अवश्य तोडा. पण परसाच्या कोपऱ्यातली, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेली वाळकी फांदी म्हणजे कोणाचे तरी राहते घर असू शकते, एवढे मनात असू द्यावे.

कोकिळेविषयी लोकांत जितके प्रेम तितकेच गैरसमज. पहिला गैरसमज असा की ती वसंतात कोठूनतरी येते. वास्तविक कोकीळ बाराही महिने येथेच असतो, हिवाळ्यात तो गप्प असतो एवढेच. दुसरा गैरसमज, की गाते ती कोकिळा. ‘कुहू कुहू’ म्हणणारा तो नर, काळा कुळकुळीत, डोळे लालभडक. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज घाईघाईचा, ‘किक् किक् किक्’ असा. त्यावर कोणी काव्य केलेले नाही. मग वसंत आला हे त्याला कळते कसे? ऊन वाढल्यामुळे, असे आम्हांसही वाटत असे. पण खरे घड्याळ दिवसाच्या लांबीचे आहे. आपल्या वर्ध्याच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत मोठा दिवस सर्वांत लहान दिवसाहून सुमारे अडीच तासांनी मोठा असतो. संक्रांतीनंतर उजेड रोज थोडथोडा वाढत जातो. पाखराच्या मेंदूला तो वाढता उजेड कळतो, शरीरातल्या ग्रंथी जाग्या होतात आणि गळा सुटतो. फाटकावरचा भोंगा वाजावा तसे हे आहे, फक्त भोंगा वाजविणारा मालक सूर्य आहे आणि त्याने वेळेत कधी फसवणूक केलेली नाही.

कोकिळा अंडे घालते कावळ्याच्या घरट्यात, हे शाळकरी पोरासही ठाऊक असते. कसे जमते ते पाहावे. तिचे अंडे कावळ्याच्या अंड्यासारखेच रंगाने, फक्त आकाराने लहान. ते कावळ्याच्या अंड्याआधी फुटते, म्हणजे कोकिळेच्या पिलाला खाण्यात पहिला हात मारावयास मिळतो. मग कावळा-कावळी उन्हातान्हात राबून त्याला वाढवितात. आमच्या एका सभासदाने हे ऐकून तत्काळ निर्णय दिला की कोकिळा ही कंत्राटदार आहे. हशा पिकला. पण आमचे मत विचाराल तर पाखरांना आपल्या वर्गलढ्यात उभे करू नये. कोकिळेच्या पिलाला आपण लबाड आहोत हे माहीत नाही, आणि कावळ्याचा कोणी संप केला नाही म्हणून त्याला भेकडही म्हणता येत नाही. माणसाची गोष्ट वेगळी. माणसाला माहीत असते.

नीलपंखाचे नाव न घेता पुढे गेलो तर वर्धेकर रागावतील. २०१८ साली वर्ध्यात शहरपक्षी ठरविण्यासाठी चक्क निवडणूक झाली आणि तीत नीलपंख निवडून आला. आम्ही जन्मभर संघटनांच्या निवडणुका लढविल्या व लढवविल्या. पण ज्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराने फेरमोजणी मागितली नाही अशी ती एकच. हाच पक्षी चास नावानेही ओळखतात व दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात. परंतु खरा पाहावयाचा तो या दिवसांत. विजेच्या तारेवर मातकट, मान आखडून बसलेला हा प्राणी एकाएकी उंच झेपावतो, आणि वरून कोलांट्या घेत, कर्कश ओरडत खाली येतो. त्या वेळी पंखांतला सगळा निळा रंग उलगडतो. मादीपुढे चाललेले ते प्रदर्शन असते. देवळीच्या रस्त्यावर आम्ही असे पाहत उभे राहिलो आणि एका सभेला अर्धा तास उशिरा पोचलो. कारण विचारल्यावर खरे सांगितले. कोणी विश्वास ठेवला नाही.

आता आम्हांस सर्वांत प्रिय त्या पाखराविषयी. शिंपी. अंगठ्याएवढा देह, शेपूट उभे, डोक्यावर तांबूस टोपी. हा झुडपाचे एक मोठे पान घेतो, किंवा दोन पाने जवळ आणतो, कडांना चोचीने भोके पाडतो आणि त्यांतून कापसाचा तंतू किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवून द्रोण शिवतो. त्या द्रोणात मऊ कापूस अंथरून अंडी. शिवलेले पान देठाला लागलेले असल्याने हिरवेच राहते, म्हणून घरटे दिसत नाही. आपला हा कापसाचा मुलूख. हिंगणघाटचा कापूस एके काळी सातासमुद्रांपलीकडे नावाजलेला. पुलगाव, हिंगणघाट येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरण्या उभ्या राहिल्या. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि फाल्गुन-चैत्रात रेचे थंडावू लागतात. सरकी वेगळी झाली, रुईच्या गाठी बांधून गेल्या, मजूर घरी बसले, आणि आवाराच्या काटेरी तारेला, बाभळीला, गवताला कापसाचे पुंजके तेवढे अडकून राहतात. ते शिंपी वेचून नेतो. ज्या कापसाचा भाव ठरविण्यासाठी शेतकरी आणि ज्याच्या मजुरीसाठी आम्ही भांडत असतो, त्यातला अखेरचा वाटा असा फुकट जातो, याचे आम्हांस कधी वाईट वाटले नाही.

शिंप्याची गोष्ट निघाली म्हणून मुलांची सांगतो. आमच्या संघटनेत प्रेसवर गाठी बांधणारे एक ख्रिस्ती सभासद आहेत. त्यांच्या लहानशा चर्चमध्ये रविवारी मुलांचा वर्ग भरतो. गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्या मधल्या शनिवारी ही मुले चर्चचे आवार झाडून स्वच्छ करतात, कुंड्यांना गेरू लावतात, दुसऱ्या दिवशीच्या सणासाठी फुले गोळा करतात. त्या सभासदांनी आम्हांस सांगितले, “भाऊ, तुम्ही या, पोरांना पाखरांचं काही सांगा.” आम्ही गेलो. खरे म्हणजे थोडे बिचकतच गेलो; कामगारांपुढे बोलण्याची सवय असलेला माणूस दहा वर्षांच्या श्रोत्यांपुढे घाबरतो.

येथे थोडे विषयांतर. ईस्टर कधी मार्चात, कधी एप्रिलात, असे का, हे आम्ही तेथेच प्रथम समजून घेतले. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो ईस्टर; मग तो २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कोठेही येऊ शकतो. म्हणजे ही पौर्णिमा पुष्कळ वर्षी आपली चैत्र पौर्णिमाच असते. २०२२ साली हनुमान जयंती शनिवारी आणि ईस्टर लगेच दुसऱ्या दिवशी रविवारी आला. २०२३ साली गुरुवारी हनुमान जयंती आणि त्याच रविवारी ईस्टर. (दरवर्षी असे जुळत नाही. २०२४ साली ईस्टर होळीच्या आठवड्यात, ३१ मार्चला आला.) त्याच पंधरवड्यात ११ एप्रिलला महात्मा फुल्यांची आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. एकाच झाडाखाली प्रत्येकाने आपापली सतरंजी अंथरावी तसा हा महिना आहे. वर्ध्याला तर ख्रिस्ती सेवाभाव परका नाहीच. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम वाहणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती; सेवाग्रामला पत्नी आशादेवी यांच्यासह तालीमी संघ चालविणारे आर्यनायकम् हेही जन्माने सिलोनचे ख्रिस्ती. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली तिच्यातून नई तालीम निघाली, आणि तिचे सार हेच होते की मुलाने हाताने काही करावे आणि त्या करण्यातून शिकावे. आवार झाडणारी ती पोरे पाहताना आम्हांस त्याचीच आठवण झाली.

तर झाडता झाडता काय झाले, की कुंपणाकडेची जास्वंदीची झुडपे छाटावयाची होती. एक मुलगी पुढे होऊन पाने बाजूला करू लागली आणि थबकली. दोन पाने एकमेकांना शिवलेली. आत कापूस, कापसावर तीन इवलीशी अंडी. क्षणात सगळी पोरे गोळा झाली. आम्ही त्यांना मागे सारले आणि हलक्या आवाजात सांगितले की हात लावू नका, जवळ गर्दी करू नका. पाखरू घाबरून घरटे सोडते, आणि माणसांची वर्दळ पाहून कावळ्यालाही पत्ता कळतो. पोरे गप्प झाली. नंतर त्यांनी आपसांत काही कुजबूज केली, कोणीतरी वही आणली, आणि दहा मिनिटांत एक कागद पाळकसाहेबांपुढे ठेवला. ‘जास्वंद या महिन्यात कापू नये’ एवढीच मागणी. खाली १९ सह्या, त्यांत दोन अंगठे, कारण दोघांना अजून सही येत नव्हती. पाळकसाहेबांनी चष्मा लावून कागद वाचला व ‘मान्य’ असे लिहून खाली सही केली. फाटकावर बसून, उपोषणे करून, मजूर न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून तीस वर्षांत आम्ही इतक्या लवकर निकाल लागलेली मागणी पाहिलेली नाही!

घरट्याचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तिन्ही अंडी फुटली नाहीत. दोन पिले झाली, पैकी एक एके दिवशी दिसेनासे झाले, मांजर असावे. एक उडाले. मुलांना आम्ही हे लपविले नाही. फुलामुलांचे कवी म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी जखमी पक्षिणीवर ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता लिहिली, ती मुलांसाठी गोडगोड करून लिहिलेली नाही. आणि तरीही मुलांच्या कित्येक पिढ्यांनी ती पाठ केली.

त्या वर्षापासून त्या मुलांनी पाण्याची भांडी ठेवण्याचे काम अंगावर घेतले आहे. त्याची रीत येथे सांगून ठेवतो, कारण उत्साहाने ठेवलेले आणि मग विसरलेले भांडे उपयोगाऐवजी उपद्रव करते. भांडे मातीचे आणि पसरट असावे, परळासारखे. पाणी दोन-तीन बोटांहून खोल नको, नाहीतर लहान पाखरू बुडते. मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे मधमाश्यांनाही बसता येते. भांडे सावलीत, पण मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाला लागून नव्हे. आणि पाणी दिवसाआड ओतून, भांडे घासून पुन्हा भरावे. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस लागतात. दिवसाआड ओतणाराच्या घरी त्याचे काही चालत नाही. चिमण्यांसाठी एवढ्याने भागत नाही. त्यांना घरटे करावयास फट हवी. कवेलूंची घरे होती तोवर ती फुकट मिळत होती. स्लॅबच्या घरात ती ठेवलेलीच नाही. पिलांना दाणेही चालत नाहीत, अळ्या-किडे लागतात, म्हणून अंगणात थोडी माती आणि चार झुडपे लागतात. २० मार्चला चिमणी दिवस पाळून उरलेले वर्ष फरशी धूत बसणे फुकट आहे.

हे सर्व आनंद बिनपैशाचे आहेत, असे म्हणण्याची पद्धत आहे. आम्हीही भाषणांत तसे म्हणत असू. पण ते खरे नाही. त्यांना एक किंमत पडते, आणि ती वेळेची. तांबट दिसावयास अर्धा तास मान वर करून उभे राहावे लागते. ज्याची पाळी पहाटे पाचला सुरू होते, किंवा ज्याला सातही दिवस हजेरी लावावी लागते, त्याला तो अर्धा तास कोठून आणावा?

रविवारची सुटी आपल्याला पंचांगातून मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत मजूर महिन्याचे सर्व दिवस, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत असत. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने मुलांना महिन्याला चार सुट्या दिल्या, प्रौढांना काही नाही. ‘दीनबंधु’चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या लिहिल्या, त्यांत रविवारची सुटी ही एक. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, हेही एक कारण त्यांनी दिले होते. चर्चच्या आवारात ईस्टरच्या रविवारी बसलो असता हे आठवून आम्हांस हसू आले: जेजुरीच्या देवाचा आणि पुनरुत्थानाचा वार एकच, आणि त्यावर भांडण नाही. सहा वर्षे खटपट चालली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगार जमले, स्त्रिया बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी कायद्यानेही आठवड्याच्या सुटीस मान्यता दिली. ती सभा भर उन्हाळ्यातली. म्हणजे सुटी मागण्याचे काम वसंतात झालेले आहे.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याशी (नाव सांगत नाही, तो आता बंद आहे) आम्ही हंगामापुरता करार केला. मालकाला माल लवकर काढावयाचा होता. त्याने आठवड्याची सुटी न घेणाऱ्यास जादा दर देऊ केला. कायद्यात बसविण्यासाठी बदली सुटीचा कागद करून ठेवला होता. ती सुटी कोणाला मिळणार नाही हे त्यालाही ठाऊक होते आणि आम्हांलाही. सभासदांना पैसा हवा होता, कर्जे होती, आणि आम्हांला विजय हवा होता. सही केली. हार-तुरे झाले. दोन महिन्यांनी रेच्यावर काम करणाऱ्या एका बाईने फाटकावर गाठले. तक्रार करावयास ती आली नव्हती, बोलता बोलता म्हणाली, “भाऊ, पैसे आले खरे, पण लेकराचं तोंड उजेडात पाहून महिना झाला.” सकाळी निघताना मूल झोपलेले, रात्री परतताना झोपलेले. आमच्या पदरी जिंकलेले करार पुष्कळ आहेत, पण आठवतो तो हा. त्या दिवशी घरी येऊन मागच्या पायरीवर बसलो होतो, आणि तोवर वर्षानुवर्षे कानावर पडत असलेला तांबट प्रथम लक्ष देऊन ऐकला. आमचा पाखरांचा नाद तेथून सुरू झाला. अभ्यासाची ही काही मोठी सन्मानाची सुरुवात नव्हे.

आज कायदा काय म्हणतो? १९४८ चा कारखाने अधिनियम २१ नोव्हेंबर २०२५ पासून गेला आणि त्याच्या जागी नवी संहिता आली. तीतही आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम घेऊ नये असे आहे. मात्र त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा वेळेचा दुप्पट दर आहे, असे सांगतात. चार दिवस बारा तास करा आणि तीन दिवस मोकळे राहा, असेही सांगतात. ज्या ठिकाणी हजेरीपट खरा लिहिला जातो तेथे कदाचित हे जमेल. कंत्राटदाराच्या वहीत मात्र बारा तास लवकर उतरतात आणि तीन मोकळे दिवस उतरावयास विसरतात, हा आमचा अनुभव आहे. म्हणून आम्ही या बदलाच्या विरुद्ध आहोत, आणि तसे आम्ही जेथे सांगावयाचे तेथे सांगितले आहे.

ज्यांना सुटी आहे त्यांच्यासाठी एक सोपा उद्योग. अमेरिकेत १९९८ पासून दर फेब्रुवारीत परसातील पाखरांची गणना होते. २०१३ पासून भारतातले लोकही तीत भाग घेतात. नियम एवढाच की एका जागी किमान १५ मिनिटे बसावे आणि जी पाखरे ओळखता आली ती व त्यांची संख्या लिहावी. न ओळखलेले पाखरू लिहू नये. ओळखल्याचा आव आणू नये. पंधरा मिनिटे ही चहाच्या सुटीएवढी वेळ. वाचण्यासाठी डॉक्टर सालीम अलींचे १९४१ सालचे पुस्तक आहेच. विदर्भातली रानातली बोली नावे हवी असतील तर मारुती चितमपल्ली वाचावेत. जन्माने ते सोलापूरचे, पण नोकरी नवेगाव-नागझिऱ्याच्या रानांत झाली, आणि २०२५ साली, ज्या वर्षी पद्मश्री मिळाली त्याच वर्षी, ते गेले. कावळ्यांच्या वसतीला ‘काकागार’ हा शब्द त्यांनी दिला. आमच्या सभासदांनी तो उचलला असून गलका फार झाला की संघटनेच्या बैठकीलाच ते हे नाव लावतात.

कचेरीत आम्ही गणनेसाठी एक वही ठेवली आहे. रविवारी सकाळी साडेसहाला दार उघडतो, उंबराकडे तोंड करून बाक टाकतो, बैठक सातला. आरंभी तिघे येत, हल्ली नऊ-दहा येतात, मुले वेगळी. सर्वांत नियमित एक रात्रपाळीचे पहारेकरी. ते कामावरून सुटून थेट येतात, वहीत लिहितात आणि मग घरी झोपावयास जातात. अक्षर मोठे आणि तिरपे. गेल्या रविवारची त्यांची नोंद अशी: होला २, बुलबुल ४, सातभाई ७, साळुंकी ३, शिंजीर १ नर, तांबट १. तांबटापुढे त्यांनी कंसात ‘दिसला नाही, ऐकला’ असे प्रामाणिकपणे लिहिले आहे.